मातीच्या फौजेकडे एकटी

४ मार्च, कॉव्हेंट्री
प्लास्टर निघालं. मनगट सरळ जुळलंय. जन्मभर लोकांची हाडं जोडली, स्वतःचं पहिल्यांदाच मोडलं, तेही बागेच्या पायरीवर. निखिल वॉटफर्डहून आला होता. "आई, आता आमच्याकडेच राहायला ये. हे घर विकून टाकू."
चहा टाकला.

९ मार्च
लायब्ररीतल्या हिस्टरी ग्रुपमध्ये आज चीनच्या मातीच्या सैनिकांवर स्लाइड्स. शेतकरी विहीर खणत होते, हाती लागले मातीच्या माणसाचे तुकडे. मला वाटायचं, फौज अशीच उभीच्या उभी सापडली. छे! वरचं छत कोसळून बहुतेकांचा चुरा झालेला. एकेक तुकडा जुळवून उभे केलेत, अजून करताहेत. कितीतरी तर अजून जमिनीखालीच. एका फोटोत एक बाई, गुडघ्याचा तुकडा हातात धरून त्याची जागा शोधतेय. तुकड्याची जागा शोधत असं बसणं माझ्या चांगल्याच ओळखीचं.
जायचंच.

१२ मार्च
शिआनची, त्या मातीच्या फौजेच्या गावची, टूर बुक केली. सप्टेंबर. नि.ला फोन.
"एकटी? आणि पडलीस तर?"
"तिथेही ऑर्थोपेडिक सर्जन असतात."
ठेवलाच त्याने फोन.

२० मार्च
न सांगता इस्टेट एजंट दारात, घराची किंमत काढायला. नि.ने पाठवलेली. बिचारी पावसात भिजलेली. टॉवेल दिला, चहा दिला, घर नाही दाखवलं.
मग नि.वर फोनवरच ओरडले. माझं घर आहे, मी अजून राहतेय त्यात! तोही ओरडला, "बाबा पडले तेव्हा त्यांनी मलाच फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होतो. उचलला नाही."
हे गेल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. दोघंही रडलो.
तरीही. त्याच्या भीतीपायी मी घरात बसणार नाही. टूर कॅन्सल नाही.

६ सप्टें., हीथ्रो
नि. सोडायला आला. ट्रॉली घ्यायला लागला, दिली नाही. "पोचलीस की फोन कर. परत आलीस की घराचं ठरवू."
"फोन करीन," म्हटलं. आणि आत वळले.
गेटवर एक मुलगी व्हीलचेअर घेऊन माझं नाव पुकारतेय. नि.नेच सांगून ठेवलेली, दुसरं कोण? हात वर केला नाही. बोर्डिंग सुरू झालं. चालत जाते.