बाबांचं सिम

तीर्थरूप आईस,

ओमानमधल्या सीबहून नमस्कार. मी ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबा घरी बिअर करायचे ती स्टीलची टाकी, त्या मोठाल्या काचेच्या बरण्या, सगळं पुण्याहून नाशिकला माझ्या मित्राकडे, यशकडे पोचलं. गॅलरी मोकळी झाली ना?

टेंपोच्या बुकिंगला भारतातला नंबर लागतो, म्हणून बाबांचा दिला. ते गेल्यापासून त्यांचं सिम माझ्याकडेच चालू आहे. तुला सांगायचं राहिलं. टेंपोवाल्याने त्यावर फोन करून विचारलं, "नंदकुमार साहेब का?" मी म्हटलं, "हो, बोलतोय. काच आहे, जपून." आवाज हुबेहूब बाबांचा निघाला. इथल्या भर उन्हात अंगावर काटा आला.

त्या नंबरवर रोज दुपारी तुझा फोन वाजतो, आई. आजवर उचलला नाही. आता उचलू का?

तुझा,
अंबरीश