तुझ्या वतीने आलेली माणसं

रामवाडी, पेण
मंगळवार, १२ मार्च १९९६

चि. महिपतीस थोरल्या भावाचा आशीर्वाद. (तो तुझ्याच हाती पडावा, तुझ्या शिपायाच्या नको, म्हणून पाकिटावर 'खाजगी' असं दोनदा लिहिलंय.) तुझी आणि शांतीची तब्येत उत्तम असणार. रोह्याहून आलेला तुझ्या कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर तसं सांगून गेला. इकडे मी बरा, तुझी वहिनी काशी बरी, आई बरी नाही. हे तुला तिसऱ्यांदा कळवतोय. पहिल्या पत्राला तू 'येतो' म्हणालास, दुसऱ्याला 'नागोठण्याला रस्त्यावर पाणी आहे' म्हणालास. फेब्रुवारीत अंबा नदीला पूर आल्याचं ऐकून आमच्या गल्लीतली सगळी म्हातारी माणसं थक्क झाली बघ!

सध्या मी इंग्रजी शिकतोय. हसू नकोस. मिठागरात मीठ ओढण्यात जन्म गेला, पण आमची सरू बँकेच्या परीक्षेला बसतेय आणि तिच्या पुस्तकातले शब्द तिच्याकडून म्हणून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. त्यात एक अख्खं पान दुसऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्या माणसांचं. रिप्रेझेंटेटिव्ह, डेप्युटी, एजंट, प्रॉक्सी, डेलिगेट, सब्स्टिट्यूट. मी म्हटलं, अगो सरू, हे पान तुझ्या काकानेच लिहिलंय की काय? इंग्रज लोक फार हुशार. स्वतः जायचं नसलं की कुणाला धाडायचं, यासाठी त्यांनी इतके शब्द करून ठेवले. आपल्याकडे घरटी एक माणूस मयताला जातो, लग्नाला जातो, त्याला काही नाव नसतं. जो जातो तो गेला, एवढंच.

तर तुझी माणसं क्रमाने सांगतो. पहिली आली तुझी बायको, शांती. तिला आम्ही डेप्युटी म्हटलं. बिचारी ओढाताण करून आली होती, पण आईच्या खोलीत शिरताना रुमाल जो नाकाला लावला तो बाहेर पडेपर्यंत काढला नाही. (वास येतो, खरं आहे. आजारी माणसाला येतो. काशीलाही येतो, पण तिचे दोन्ही हात कामात असतात.) दुसरा आला जीपचा ड्रायव्हर, पिवळ्या कागदातली फळांची टोपली घेऊन. हा एजंट. टोपली ठेवून त्याने पोच म्हणून माझी सही मागितली. आईच्या आजारपणाला पोचपावती देणारा पेण तालुक्यातला मी पहिलाच असेन. आईला दात नाहीत, सफरचंदं शेजाऱ्यांनी खाल्ली आणि तुला तोंड भरून आशीर्वाद दिले.

तिसऱ्या खेपेला तू स्वतःचा फोटोच धाडलास, टाय लावलेला, चौकटीत. उशाशी ठेवा म्हणजे तिला बरं वाटेल, अशी वर चिठ्ठी. अरे शहाण्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय तिच्या! तिने काच चाचपली आणि विचारलं, "कंचा देव हाय गो हा, काशे?" काशी म्हणाली, "रोह्याचा हाय, आये. नवसाला पावत नाय." मला हसू आलं, आणि मग पडवीत जाऊन मी रडलो. खोटं कशाला लिहू?

चौथा आला चंदर. तुझ्या खात्यात ड्रम उचलणारा, कंत्राटी, कातकरवाडीचा. आईच्या पाठीला जखमा झाल्यात म्हणून पाण्याची गादी तू त्याच्याबरोबर धाडलीस. त्याने बादल्यांनी पाणी आणून गादी भरली, आणि आईला उचलून तीवर ठेवायला वाकला, तशी तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आयलास रं माज्या बाला?" म्हणाली. "किती वाळलास!" त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "व्हय आये, आयलो." ज्यांना आपण जन्मभर ओट्याखाली उभं करून पाणी दिलं, त्यांच्यातल्या एकाच्या हातून ती त्या दिवशी वाटीभर पेज जेवली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतरचे चार रविवार तो आपणहून आला. तू धाडलं नव्हतंस, मला ठाऊक आहे. येतो, तिचे पाय चेपतो, ती सांगेल ते ऐकून घेतो (तू लहानपणी खाडीत कसा बुडत होतास, हे त्याला आता तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे), आणि पाचच्या एसटीने परत जातो. मी विचारलं, बाबा, तू कशाला एवढे हेलपाटे घालतोस? म्हणाला, माझी आई गेली तेव्हा मी कामावर होतो. रजेचा अर्ज सायबांच्या टेबलावर होता. कुठले साहेब, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सरू पुस्तक घेऊन विचारत होती, बाबा, याला यातला कुठला शब्द लावायचा? मी तिला म्हटलं, मिटव ते पुस्तक.

कळावे. तुझ्या कामाचा फार वेळ घेतला.

तुझा,
पुंडलिकदादा

ता. क. : तू ये, असं मी पानभर लिहिलं असं तुला वाटेल. तसं नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन रविवार, फार तर तीन. खात्यात रविवारी कुणाला सुट्टी द्यायची ते तुझ्या सहीने ठरतं, असं कळलं. गेल्या रविवारी तू चंदरला शिफ्ट लावलीस आणि आई दिवसभर दाराकडे तोंड करून पडली होती. जेवली नाही. तेवढी त्याला सुट्टी दे. पाया पडून मागतोय, थोरला असून.

आणखी ता. क. : आणि यायचंच ठरवलंस, तर त्याच्याबरोबर ये, जरा मागे राहा. ती विचारील, संगती कोन हाय? तो सांगेल, आमचे साहेब. ती तुला चहा द्यायला लावील. मागे एकदा तिने त्याला विचारलं होतं, "तुजा सायब चांगला हाय ना रं? तरास नाय ना देत?" तो म्हणाला, "नाय आये, लय चांगला हाय."