ऐंशी-डीडीचा कोरा रकाना

अण्णा, यंदा माझं आयकराचं विवरणपत्र भरताना तुमची फार आठवण आली. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे माझी नोकरी तुम्ही पाहिलीच नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात पगार विभागात आहे. जानेवारी लागला की विम्याच्या, घरकर्जाच्या पावत्या घेऊन कामगार माझ्या टेबलाशी येतात. यातलं काय उत्पन्नातून वजा होतं, काय होत नाही, जुनी करप्रणाली कुणाला परवडेल, हे मी त्यांना समजावते. मशीन कानात असलं तरी ओठ दिसल्याशिवाय मला नीट कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते माझ्याकडे तोंड करून बोलतात.

ओठ वाचायला मी काळेवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात शिकले, हे तुमच्या आणि आईच्या बराच काळ लक्षात आलं नव्हतं. एक दिवस आठवतो: तुम्ही पहिली शिफ्ट करून आला आहात, आई भाकरी थापते आहे, मी दाराशी गृहपाठ करते आहे. हिला काय ऐकू जातंय, असं धरून तुमचं बोलणं चाललंय. कंपनीच्या अकाउंट्समधल्या साहेबांनी तुम्हाला सांगितलंय, की मुलीच्या कानांचा दाखला जोडा, आयकराच्या ऐंशी-डीडी कलमाखाली मोठी वजावट मिळेल, पगारातून कर फारसा कापला जाणार नाही. "मग भरा की," आई म्हणते, "तिच्या दुसऱ्या कानाचं मशीन येईल." बूट काढता काढता तुम्ही म्हणता, "त्यात पोरीला अपंग लिहावं लागतंय. मी न्हाई लिहिणार." "अहो, सरकारी कागद तो. कोण वाचतंय?" "मी वाचणार ना. सही माझी हाय." आईने तव्यावरची भाकरी करपू दिली. दुसरं मशीन तुम्ही ओव्हरटाइम करून आणलंत. रविवारीसुद्धा घरी नसायचात, आणि असलात तर जेवता जेवता पेंगायचात.

या जानेवारीत आमच्या वेल्डिंग विभागातला एक जण आला. त्याने सगळ्या पावत्या पुढे केल्या, एक घडी घातलेला दाखला मात्र हातातच धरून ठेवला. त्याच्या मुलाला चालता येत नाही. "ताई, हे दिलं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल का?" मी विचारलं, "भाऊ, तो चालत नाही हे तुम्ही कुणापासून लपवता का?" "नाही ओ. खांद्यावर घेऊन फिरतो त्याला." "मग द्या. त्याला सांभाळायला खर्च येतो हे कायद्याने मान्य केलंय, एवढाच याचा अर्थ. नेमका किती आला तेही विचारत नाहीत, ठरलेली रक्कम वजा होते." त्याने दाखला दिला. उठताना माझ्या कानाकडे बघत सहज म्हणाला, "तुमचंही भरत असाल ना, ताई?"

मी भरत नव्हते, अण्णा. स्वतःच्या अपंगत्वासाठी ऐंशी-यू हे वेगळं कलम आहे, ते इतरांना मी समजावत आले होते आणि माझ्या विवरणपत्रात तो रकाना दरवर्षी मोकळा सोडत होते. त्याच आठवड्यात रजा टाकून महापालिकेच्या रुग्णालयात गेले, कान तपासून घेतले, नवा दाखला काढला. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, म्हणून जुलैमध्ये ती निवडून वजावट घेतली. भरताना जड जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. 'अपंग' या शब्दाने माझं काही कमी झालं नाही. तेव्हा आईचंच बरोबर होतं. ती वजावट आपल्या हक्काची होती, आणि ती घेतली असतीत तर तुम्हाला तुमचे रविवार मिळाले असते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून हेही लिहिते. आज तुमच्यासारखा कुणी माझ्यासमोर बसला तर मी त्याला समजावून, हट्टाने तो रकाना भरायला लावीन. पण त्या दिवशी दाराशी बसलेल्या मला, तुम्ही तो भरणार नाही हे कळल्यावर, फार आनंद झाला होता. तो आनंद अजून गेलेला नाही.