मुलीचे पांढरे कार्ड रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
रक्ततपासणी व नोंदणी कार्यालय.

विषय : अर्जदाराच्या मुलीचे पांढरे कार्ड रद्द करून फेरतपासणी करणे व अर्जदारावर कारवाई करणे.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्या दोहोंवर आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार आपल्याच प्रयोगशाळेत बावीस वर्षे सहायक आहे. कार्यालयीन शिस्तीस धरून तो स्वतःस 'अर्जदार' म्हणत आहे. खरे सांगायचे तर 'मी' म्हणायला त्याची जीभ रेटत नाही.

१. सिकलसेल हा रक्तातला आनुवंशिक दोष शोधताना नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून ती नळी रेघा आखलेल्या कागदापुढे धरतात. रेघा दिसल्या तर कार्ड पांढरे. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पुढची तपासणी, आणि त्यात नुसता वाहक निघाला तर पिवळे, आजार निघाला तर लाल. वाहकाला सहसा काही होत नाही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर दर बाळामागे चारात एक शक्यता लाल कार्डाची. हे सर्व अर्जदार शाळा-कारखान्यांतून फळ्यावर काढून शिकवत आला. "पिवळं कार्ड म्हणजे आजार नव्हे, लपवू नका," हे त्याचे ठरलेले वाक्य. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरे काय!

२. पाच वर्षांपूर्वी मुलीचा नमुना अर्जदाराने स्वतः तपासला. 'नातेवाइकांचे नमुने सहकाऱ्याकडे द्यावेत' ही भिंतीवरची सूचना अर्जदाराच्याच अक्षरात आहे, तिच्याचखाली बसून तपासला. रेघा दिसेनात. चष्मा पुसला, नळी खिडकीपाशी नेली, तरी दिसेनात. अर्जदार स्वतः वाहक, तेव्हा नवल वाटायचे कारण नव्हते. पण त्याच्या थोरल्या बहिणीचे ठरलेले लग्न पिवळ्या कार्डापायीच मोडले होते आणि ती अजूनही पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. पोरीच्या नशिबी ते नको म्हणून अर्जदाराने नोंदवहीत 'रेघा दिसतात' असे लिहिले. अक्षर नेहमीसारखे सुबक आहे, आपण पाहू शकता.

३. जावयाने पहिल्याच भेटीत चहाचा कप बाजूला सारून आपले पिवळे कार्ड टेबलावर ठेवले. "माझं हे असं आहे, आधीच सांगितलेलं बरं," म्हणाला. मुलीने आपले पांढरे कार्ड त्याशेजारी ठेवले आणि दोघेही जाणकार म्हणून अर्जदाराच्या तोंडाकडे पाहू लागले. अर्जदार म्हणाला, "एक पिवळं, एक पांढरं. बिनघोर राहा." तिचा फुललेला चेहरा पाहून खरे सांगणे पुढे ढकलले. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता लग्न लागले. असा सरळ जावई मिळाला म्हणून लोक कौतुक करतात, तेव्हा अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे होते.

४. मुलीला दिवस गेले असून दहावा आठवडा चालू आहे. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर ती पुढच्या दोन आठवड्यांत करावी लागेल, आणि दोन्ही कार्डे पिवळी असल्याखेरीज आपले कार्यालय त्यासाठी चिठ्ठी देत नाही. डॉक्टरबाईंनी विचारले तेव्हा मुलगी हसून म्हणाली, "माझं रक्त बाबांनी स्वतः तपासलंय!"

५. पहिल्या अर्जात अर्जदाराने नोंद चुकल्याचे कळवले. दुसऱ्यात ती जाणूनबुजून खोटी केल्याचे कळवले. उत्तर आले की, नमुना तपासणाऱ्या कर्मचाऱ्याची बावीस वर्षांत एकही चूक सापडलेली नाही, त्याबद्दल त्यास प्रशस्तिपत्र दिलेले आहे, सबब तक्रार निराधार असून तक्रारदाराने सदर कर्मचाऱ्याची बदनामी थांबवावी. सदर कर्मचारी म्हणजे अर्जदारच! हेडक्लार्कांना भेटून हे सांगितले, तर ते पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, आजोबा होणार म्हणून घाबरलात तुम्ही. चार दिवस रजा टाका."

६. तरी विनंती की,
(अ) मुलीचा नमुना याच आठवड्यात दुसऱ्या सहायकाकडून तपासून घ्यावा व चिठ्ठी द्यावी.
(आ) 'कार्यालयाच्या नजरचुकीने पांढरे कार्ड दिले गेले' असे पत्र मुलीस पाठवावे. त्यात अर्जदाराचा उल्लेख नसावा.
(इ) अर्जदारावर योग्य वाटेल ती कारवाई करावी.

७. (आ) लिहून झाल्यावर अर्जदाराने ते पुन्हा वाचले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पहिले खोटे तरी पोरीसाठी होते. हे निव्वळ स्वतःची अब्रू वाचवण्यासाठी. सबब (आ) ही मागणी मागे घेण्यात येत आहे. खोडलेली नाही, कारण खाडाखोड चालत नाही. बाळाचे काय करायचे ते त्या दोघांनी ठरवायचे आहे. लाल कार्डाचे बाळसुद्धा पहिल्या दिवसापासून औषधे, लसी आणि जपणूक मिळाली तर हसते-खेळते वाढू शकते. पण त्यासाठी आईबापाला आधी कळायला हवे, आणि ते अर्जदाराने अडवून धरले आहे. नोकरी गेली तरी तक्रार नाही. दिवस मात्र घालवू नयेत.

आपला अपराधी,
(सही)
सहायक, प्रयोगशाळा
मंगळवार, दि. १४

सोबत :
१. नोंदवहीतील पानाची प्रत.
२. प्रशस्तिपत्र, मूळ. परत नको.

प्रत माहितीसाठी : मुलीस. टपालाने पाठवलेली नाही. आज दुपारी मी स्वतः नेऊन तिच्या हातात देणार आहे, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोर उभा राहणार आहे.