डावी बाही

२ डिसेंबर २००२, सोमवार

स्वेटर म्हणावं तर स्वेटर नाही, बनियन म्हणावं तर बनियन नाही! पुण्याला कपड्यांच्या फॅक्टरीत असलेल्या आमच्या आरतीने एसटीच्या कंडक्टरजवळ पार्सल दिलं होतं, ते संध्याकाळी स्टँडवर जाऊन घेतलं. सोडून बघतो तर काळपट हिरवं, पातळ, अंगाबरोबरचं काहीतरी. गळ्यापासून पोटापर्यंत चेन. मागची बाजू पुढच्यापेक्षा वीतभर लांब. आणि खिसे तीन – तिन्ही पाठीवर! पाठीवरच्या खिशात माणसाने ठेवायचं काय आणि काढायचं कोणी?

सोबत चिठ्ठी. 'अण्णा, ही सायकलवाल्यांची जर्सी. मेरिनो लोकरीची आहे. मेरिनो म्हणजे परदेशातली मेंढी. हिचं कटिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीने केलंय. साहेबांना थंडीत रोज सायकल चालवणारा माणूस पाहिजे होता. फॅक्टरीत सगळे स्कूटरवाले. मी म्हटलं, आमचे अण्णा टपालाची थैली घेऊन रोज घोडेगाव ते डिंभे जातात-येतात. महिनाभर घाला. दहा दिवस धुऊ नका. फॉर्म भरा. खरं काय ते लिहा.'

जर्सी पास झाली तर पोरगी कटिंगला कायम. नाही झाली तर परत धागे तोडायच्या टेबलावर. हे चिठ्ठीत नाही, आईला फोनवर सांगितलंय.

लोकर म्हणजे आमच्याकडे घोंगडी. ती आधी टोचते, मग ऊब देते. ही टोचतच नाही. ऊब कुठून देणार?

४ डिसेंबर, बुधवार

देते!

सकाळी सातला निघालो. धरणाकडून धुकं खाली आलेलं. जर्सी शर्टाच्या आत घालायची की वर, ते चिठ्ठीत नाही. आत घातली, वर खाकी शर्ट. बोटं हँडलवर बधिर, पण छाती-पाठ फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी गरम. गेल्या वर्षीचा ढगळ स्वेटर घालून याच रस्त्याला दात वाजत होते. एवढ्याशा कपड्यात हे कसं, मला काही समजलं नाही.

५ डिसेंबर

मागच्या लांब शेपटाचं कोडं सुटलं. वाकून पेडल मारताना कंबर उघडी पडत नाही. पोरगी हुशार आहे.

९ डिसेंबर, सोमवार

फॉर्म भरायला बसलो. ऊब – उत्तम. टोचते का – नाही. वास – यावर घरात वाद! सहा दिवस अंगात आहे, धुतलेली नाही. हिने (आरतीच्या आईने) नाकाला लावली, उलटी केली, परत लावली. "अवं, वास कसा येत न्हाई? तुमीच घातली व्हती ना?" मी काय सांगणार? मलाही तेच कळत नाही. 'वास – नाही. घरच्यांना संशय' असं लिहिलं.

पाठीवरच्या खिशात आज एक पेरू ठेवून पाहिला. डिंभ्याला पोचेपर्यंत विसरलो आणि खुर्चीत टेकलो. असो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

धरणाजवळच्या चढाला जर्सी आवळली. आधी छातीवर – कोणी पट्टा ओढल्यासारखी. मग डावी बाही, खांद्यापासून कोपरापर्यंत. घामही फार आला, आणि तो गार! थंडीत गार घाम? उतरलो, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलो, चेन खाली ओढली. पाचेक मिनिटांत सैल झाली. नवा कपडा, म्हटलं, अंगावर बसायला वेळ घेत असेल.

१४ डिसेंबर

परत तिथेच. परत डावीच.

१७ डिसेंबर, मंगळवार

घरात सैल, सपाटीला सैल, चढाला घट्ट. असा कपडा मी जन्मात पाहिला नाही. दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवून बघितल्या, सारख्या दिसतात. पण डोळ्यांवर विश्वास ठेवू की हातावर?

संध्याकाळी महंमद हनीफच्या दुकानात नेली. हनीफ म्हणजे बाजारपेठेतला शिंपी, आरतीने सुई धरली ती याच्याजवळ. त्याने टेप लावली. खांदा, दंड, मनगट. दोनदा. "अण्णा, सुताचा फरक न्हाई! कापणाऱ्याचा हात लई साफ हाय. कोनी कापली?" सांगितलं. तर त्याने टेप गळ्यात टाकली आणि जर्सीची शिवण दिव्याकडे धरून बघतच बसला. "मी शिकवली तवा रुमाल बी तिरका कापायची," म्हणाला.

छाती फुगली. पण मग आवळतं ते काय?

२० डिसेंबर, शुक्रवार

उत्तर मिळालं. हौशीराम बाजारात घोंगड्या घेऊन बसतो, बाप-आज्यापासून विणतात. त्याने जर्सी चुरगळली, कानाशी नेली – कानाशी का, देव जाणे – आणि म्हणाला, "चांगदेवभाऊ, मेंढी परदेशी असू द्या न्हायतर आपली, लोकर ती लोकरच. घाम प्याली की आटती. वाळली की सुटती."

बरोबर! चढाला घाम, म्हणून आवळते. मोरीवर बसलो की वारा लागतो, म्हणून सुटते.

"पण डावीच का?"

"दोनी बाह्या एका मेंढीच्या न्हाईत. एक कोकराच्या लोकरीची असंल. कोकराची लोकर लई आटती. नवी घोंगडी आमी भिजवून ताणावर बांधतो, मग ती शानी व्हती. तसं करा."

टेपेत न दिसणारी गोष्ट विणणाऱ्याला दिसली. मला पटलं.

२२ डिसेंबर, रविवार

थैलीला सुट्टी. डावी बाही गार पाण्यात भिजवली. खांदा उभ्या केलेल्या बाजेला बांधला, मनगटाकडून दोरी घेऊन खाली पाटा लोंबकळत ठेवला. हिचं तोंड सुरूच – "पोरगी न्हाई म्हनली तर? तिला इचारा तरी!" विचारायचं काय? लोकरीतलं हौशीरामला जास्त कळतं की फॅक्टरीला? संध्याकाळी सोडली. वाळल्यावर बघतो तर डावी बाही दोन बोटं लांब. आता बघू कशी आवळते.

२४ डिसेंबर, मंगळवार

आवळली! काल थोडी, आज जास्त. बाही लोंबून अर्धा पंजा झाकतेय आणि दंडाला मात्र करकचून आवळतेय. लांब होऊन घट्ट! माझं डोकं चालेना. सायकल हातात धरून चढ चढलो, तरी तीनदा थांबलो. मोरीवर एक गुराखी म्हणाला, "टपाल, चेहरा पांढरा पडलाय." म्हटलं, धुकं आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

पीसीओवरून आरतीशी बोललो. सोमवारी जर्सी आणि फॉर्म पाहिजे. आवाजात नुसतं हसू. "अण्णा, साहेब म्हणाले, तुझ्या वडलांचा फॉर्म म्हणजे शिक्का. कशी आहे सांगा ना!" म्हटलं, ऊब चांगली आहे. आणि फोन ठेवला.

घरी आल्यापासून फॉर्म समोर. शेवटचा रकाना राहिलाय – 'हालचाल करताना त्रास'.

ही म्हणते, "न्हाई लिवा अन् मोकळं व्हा. पोरीचं कल्याण व्हतंय तर तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय! तीस वर्षं लोकांचं टपाल पोचवलं. वाईट बातमीचं कार्ड असलं तरी मधेच विहिरीत टाकलं नाही. आणि आता पोरगी स्वतः म्हणतेय, खरं लिहा. उद्या ही जर्सी घालून कोणी परदेशी माणूस असाच चढाला अडकला तर? पण लिहिलं तर तिची बाही चुकली असं होतं. आणि हनीफ म्हणतो चुकलेली नाही. कोणाचं धरायचं?

३० डिसेंबर, सोमवार

लिहिलं. 'चढाला छाती आवळते. डावी बाही फार आवळते. घाम गार येतो.' जर्सी घडी घालून कागदात बांधली, सकाळच्या एसटीला दिली. बाही ताणल्याचं लिहायला रकाना नव्हता. म्हणून लिहिलं नाही.

३१ डिसेंबर

चढावर डांबराचं काम, रस्ता बंद. पलीकडच्या रस्त्याने जीप जाते, थैली तिच्यात. मी मागे बसून. सायकल ओसरीत.

४ जानेवारी २००३, शनिवार

एकदम बरं वाटतंय. जर्सी गेली, आवळणं गेलं. म्हणजे मी लिहिलं ते खरंच होतं! हिला तसं म्हटलं. ती पाट्यावर लसूण ठेचत राहिली.

११ जानेवारी, शनिवार

आरतीचा फोन, शेजारी आला.

साहेबांनी सगळ्यांसमोर जर्सी टेबलावर पसरली. डावी बाही दोन बोटं लांब निघाली. फॉर्म वाचून दाखवला. 'घालणारा सांगतोय, आणि तो बाप आहे.' जर्सी नापास. सोमवारपासून आरती धाग्यांच्या टेबलावर.

चिडली असती तर बरं झालं असतं. हळूच विचारत होती – "अण्णा, मी तीनदा मोजली होती. तीनदा. मग चुकली कशी? मलाच दिसेनासं झालंय का?"

मी म्हणायला हवं होतं की बाही लांब आम्ही केली. जिभेवर आलं होतं. पण मनात आलं, लांब आम्ही केली असली तरी आवळत तर आधीपासून होती. चूक तिथे होतीच. म्हणून गप्प बसलो. शेजारची माणसं ऐकत होती, हेही एक.

लाज वाटते. बापाने असं करायला नको होतं.

१३ जानेवारी

भोगीची भाजी केलेली. ताट तसंच परत दिलं. आज ती टेबलावर धागे तोडत असेल.

१५ जानेवारी, बुधवार

रस्ता सुरू झाला. पंधरा दिवसांनी सायकल काढली. अंगात खाकी शर्ट आणि तो गेल्या वर्षीचा ढगळ स्वेटर. जर्सी पुण्याला आहे.

चढाच्या मध्यावर छाती आवळली. मग डावा हात, खांद्यापासून कोपरापर्यंत. गार घाम. मोरीवर बसलो. स्वेटरची बाही चिमटीत धरून पाहिली – आत अजून एक हात मावेल इतकी सैल. फार भीती वाटली.

जीपवाल्याने सायकलसकट घरी सोडलं. हिला सगळं सांगितलं. ती चपला घालून दारात उभी आहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला म्हणते. म्हटलं, येतो. वाटेत पीसीओ लागतो, तिथे दोन मिनिटं थांबायचं. पोरीला सांगायचंय, दोन्ही बाह्या सारख्या होत्या.