बापूचं नाव खाटेवरच्या दुखणाईतांच्या यादीत परत घेण्याबद्दल

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी साहेब,
तालुका आरोग्य कार्यालय, जि. यवतमाळ

अर्जदार: लालीबाई शंकरसिंग राठोड, वय ७१, रा. सावरदरी तांडा

विषय: माया बापूनं विहिरीतून म्हशीची वगार काढली नाई, अशी नोंद करून निकिता सिस्टरले परत घरी धाडण्याबद्दल.

संदर्भ: १) धर्मपाल भाऊचा सर्वे, २६ नोव्हेंबर. २) फेरतपासणी, १६ जानेवारी. ३) तुमचं पत्र, का १८ फेब्रुवारीले तिसरी तपासणी हाये.

महोदय,

१. अर्ज करते का, माया बापू, म्हंजे माया बाप, भावसिंग पवार, वय त्र्याण्णव, दोन वर्सांपासून खाटेवर हाये. लकव्यानं उजवं आंग गेलं, बोलणं गेलं. कान मात्र असे का शेजारी तव्यावर भाकर पडली त याले समजते. माया भाऊ वारला, म्हून बापूले मी माया घरी आणलं. पडून पडून कमरेले जखम झाली. निकिता सिस्टर दर मंगळवारी येऊन धुवे, पट्टी करे. दर दोन घंट्यानं कूस बदलवाले मले तिनंच शिकवलं.

२. मी फेकाड बाई हाये, हे पूर्ण तांड्याले ठाऊक हाये. राळेगावच्या बसमंदी मी कंडक्टरले सांगतलं का माया तिकीट बकरीनं खाल्लं, त त्यानं बकरीचंबी तिकीट फाडलं. पण घरात मी फेकते थे औषध म्हून. बापू गोष्टीबिगर तोंड उघडत नाई. आज बापूनं एका हातानं नांगर उचलला, असं म्हटलं का थो डाव्या बाजूनं हासते, अन तेवढ्यात चमचा आत घालाचा. एका वाटी पेजेले दोन वाघ लागते, साहेब.

३. धर्मपाल भाऊ सर्वेले आले तवा मी पेजच चारून राह्यली होती. त्यायनं खाटेपाशी बसून इचारलं, "आजी, बाबा स्वतःच्या पायानं चालतात का?" बापू मायाकडं पाहून राह्यला होता. मी म्हटलं, "चालतात म्हन्ता भाऊ? काल विहिरीत वगार पडली, तिले खांद्यावर घेऊन वर आले!" बापू एवढा हासला का पूर्ण वाटी पोटात गेली. धर्मपाल भाऊबी हासले. मले वाटलं, त्यायले समजलं. त्यायनं टॅबलेटवर बोट ठेवलं: चालतो, होय. वजन उचलतो, होय.

४. नाव कटलं. सिस्टर दुसऱ्या गावाले लागली. वरून पत्र आलं का निरोगी ज्येष्ठ म्हून भावसिंगचा सत्कार हाये, सकाळी आठ वाजता हजर राहावं, येताना चालाचे बूट घालावे. थे मी बापूले वाचून दाखवलं. दोन वाट्या गेल्या.

५. फेरतपासणीलेबी धर्मपाल भाऊच आले, तवा मी खरं सांगाचं ठरवलं. नियम असा का जबाब दुखणाईताच्या समोरच घ्यावा. समोरच सांगतलं, "हा आता उठत नाई. पुढंबी उठणार नाई." बापूनं तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवस पाण्याचा थेंब आत गेला नाई. वाघ सांगतले, अस्वल सांगतलं, त्यानं डोळे उघडले नाई. तिसऱ्या दिवशी म्हटलं, थो सर्वेवाला खोटारडा होता, त्यानंच माया तोंडून थे वदवलं, मी त्याले हाकलून देलं. तवा एक चमचा गेला. धर्मपाल भाऊनं माफ करावं. अन तुमच्या कागदावर आलं का, "दोन जबाबांत तफावत. नातेवाईक भरवशाची नाही." म्हंजे वगार राह्यली अन माया बापच कटला.

६. जखमेत आता माया अंगठा जाते. मले आतलं नीट दिसत नाई. नात रंजिता मोबाईलची बत्ती धरते अन तोंड फिरवते. एकटीच्यानं बापू वळत नाई. रंजिता कॉलेजले गेली का दोन घंट्याचे सात घंटे होते.

७. म्हून विनंती का, अठराले जो कोणी येईन त्यानं मले अंगणात बोलावून इचारावं. बाहीर मी खरं बोलते, पाह्यजे त्याची शपथ घेते. नाई त इचारूच नये, चादर उचलून पाहावं. धर्मपाल भाऊ म्हन्ते का टॅबलेटमंदी पाहाची जागा नाई, इचाराचीच हाये. त तेवढी एक जागा करून घ्या.

८. अन खाटेपाशीच इचाराचं असन, त आत्ताच सांगून ठेवते. बापू मायाकडं पाहीन. मी म्हणीन का हा पहाटेच केळापूरले पायी जाऊन देवीपुढं नारळ फोडून आला. तसंच लिहून घ्या, मंग साल दोन साल कोणी येऊ नका. जखम मी धुते, हात चालते तोवर.

इथपर्यंत वाचलं असन त उपकार मानणारी,
आपली नम्र,
लालीबाई शंकरसिंग राठोड
(सही सोताची हाये, हात कापते म्हून वाकडी)

दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१) दोन्ही जबाबांची झेरॉक्स.
२) लकव्याचा डॉक्टरी कागद.
३) जखमेचा फोटो, एक. बापू झोपला तवा काढला. जेवणाच्या आधी पाहू नका, साहेब.