खोट्या कोर्टातली स्टेनो

६ फेब्रुवारी

हात हवेत, चेहरा नको. पिंगीचा निरोप एवढाच.

पिंगी म्हणजे माझी भाची. सिनेमाच्या सेटवर वस्तू सांभाळते. कोर्टातल्या खटल्यांचा एक व्हिडिओ गेम आहे, त्यावर सिनेमा निघतोय. गेममधली चित्रं आता हाडामांसाची माणसं होणार. त्यात टंकयंत्रावर भराभर चालणारे हात अगदी जवळून दाखवायचेत, आणि स्टेनो झालेल्या नटीला दोन बोटांनीच टाइप करता येतं. पिंगी म्हणाली, "मावशी, तेहतीस वर्षं कोर्टात स्टेनो होतीस. तुझ्यासारखे हात आणायचे कुठून?"

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता कुणी माझे हात मागेल असं वाटलं नव्हतं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "मी तुझ्या वडिलांकडे एकच मागितला होता. हे लोक दोन्ही मागतायत."

९ फेब्रुवारी

सेट पाहिला. उंच पत्र्याची शेड, आणि आत कोर्ट. पण काय कोर्ट! साक्षीदाराचा पिंजरा जांभळा. न्यायाधीशांची खुर्ची इतकी उंच की बसायला शिडी लागते. मुख्य नटीला मी वकीलबाईच म्हणते. तिच्या केसांची एक बट शिंगासारखी वर उभी — गेममध्ये तशीच आहे म्हणून रोज तासभर ती बट उभी करण्यात जातो. साक्षीदार खोटं बोलताना सापडला की ही टेबलावर पंजा आपटून ओरडते, "विसंगत!" आणि कागद उडतात.

हसू दाबलं. आमच्याकडे कुणी टेबल आपटलं असतं तर जज्जसाहेबांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतं, आणि तो वकील आठवडाभर कोर्टाचा जिना चढला नसता.

१० फेब्रुवारी

बोटं काही विसरलेली नाहीत. देवाची कृपा.

१२ फेब्रुवारी

आज शूटिंग नव्हतं. पिंगीने घरी येऊन मला तो गेम खेळायला बसवलं. साक्ष वाचायची, आधीच्या साक्षीशी ताडून बघायची, न जुळणारं वाक्य सापडलं की बटण दाबायचं. मी चार खटले एका बैठकीत सोडवले. पिंगी तोंडात बोट घालून बघत राहिली. "मावशी, खरं सांग, आधी खेळलीयेस ना?"

"तेहतीस वर्षं," मी म्हटलं. "फक्त बटण नव्हतं."

१५ फेब्रुवारी

शेवटचा मोठा प्रसंग आज घेतला. मी नुसती बोटं नाचवत नाही, कानावर पडेल ते खरंच टाइप करते. सवय जात नाही. खुनाच्या रात्री बंगल्यात असलेला माळी पिंजऱ्यात उभा होता. म्हणाला, "मी घाबरलो आणि कोठीची आतली कडी लावून बसलो."

पण परवा हाच माळी म्हणाला होता की कोठीला आतून कडीच नाही! म्हणजे कुणीतरी त्याला बाहेरून कोंडलं होतं, आणि अख्खा निकाल त्या कोंडण्यावर उभा आहे. दोन्ही साक्षी मीच टाइप केल्या. आज तो वकीलबाईंच्या बाजूचा साक्षीदार, म्हणजे त्याचं सगळं खरं धरायचं. कुणाच्या लक्षात आलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, "झकास. उद्या एकदा दुसऱ्या बाजूने घेऊ."

मी गप्प बसून घरी आले. जेवताना ह्यांना सगळं सांगितलं.

हे म्हणाले, "मग सांगायचं ना."

"स्टेनोने मध्ये बोलायचं नसतं."

"अगं, तिथे तू स्टेनो कुठे आहेस? तिथे तू स्टेनोचं सोंग घेतलंयस."

१६ फेब्रुवारी

बोलले.

माळ्याने तेच वाक्य म्हटलं आणि मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "थांबा." आवाज इतका चिरका निघाला की माझा मलाच ओळखू येईना.

"काकू, कॅमेरा चालू आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"माहीत आहे. पण माळी खोटं बोलतोय, आणि तुम्हा कुणाला ते माहीत नाही."

दोन्ही दिवसांचे कागद वाचून दाखवले. मूळ गेम लिहिणाऱ्या बाई रोज कोपऱ्यात शाल पांघरून बसलेल्या असतात. त्या उठल्या. संहितेची पानं मागेपुढे केली. मग म्हणाल्या, "गेममध्ये कोठ्या दोन होत्या. सिनेमात आपण एकच केली. माझ्याही नजरेतून सुटलं." आणि दिग्दर्शकांना म्हणाल्या, "गेम खेळलेल्यांनी पहिल्याच दिवशी आपली चामडी सोलली असती."

दिग्दर्शक न्यायाधीशांच्या शिडीवर डोकं धरून बसले. माझ्या मनात आलं, संपलं आपलं, आता पिंगीचीही नोकरी जाणार. तर ते उठून माझ्यासमोर आले आणि हात जोडले. "प्रसंग नव्याने लिहू. काकू, लिहिताना तुम्ही शेजारी बसा."

वकीलबाईंनी टेबलावर पंजा आपटला, "विसंगत!" सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. साठीला आलेल्या बाईचं कुणी एवढं ऐकून घेतलं! कुणाकुणाचे उपकार मानू? पिंगीचे, ह्यांचे, त्या शालवाल्या बाईंचे — आणि त्या माळ्याचेसुद्धा.

१७ फेब्रुवारी

वकीलबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. पोर गुणी आहे. शेजारी बसून विचारलं, "काकू, खऱ्या कोर्टात कधी असं थांबवलंत?"

"नाही."

"थांबवावंसं वाटलं होतं कधी?"

चहाने जीभ पोळली. उत्तर दिलं नाही. इथे देते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कापडाच्या गोदामावरचा पहारेकरी. त्यानेच रात्री गोदाम फोडलं असा आरोप. साक्षीदार समोरचा दुकानदार. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "पाठमोरा होता, चालीवरून ओळखला." मध्ये पहारेकऱ्याचे वकील आजारी पडले, दुसरे आले. तीन आठवड्यांनी तोच दुकानदार म्हणाला, "दिव्याखाली चेहरा स्पष्ट पाहिला." नव्या वकिलांनी जुनी साक्ष चाळली नव्हती. साहेबही बदलून गेले होते. सरकारी वकील सांगणार नव्हते, आरोपीचं कुणी ऐकणार नव्हतं; त्यांच्याखेरीज दोन्ही दिवशी त्या खोलीत हजर असलेली, ऐकणारी आणि लिहिणारी मी एकटी. जे कानावर पडलं ते टाइप केलं. मधल्या सुट्टीत वकिलांना नुसतं म्हणायचं होतं, "मागची साक्ष बघा." तीन शब्द. नाही म्हटले. पाच वर्षांची सजा झाली.

हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "ते दुसरे वकील हयात आहेत का बघ."

२० फेब्रुवारी

आहेत. थकलेत, काठी घेऊन चालतात. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "बाई, चूक तुमची नाही. मागची साक्ष वाचायचं काम माझं होतं. मी वाचली नाही." मग बराच वेळ बोटांनी काठीची मूठ घासत राहिले. म्हणाले, "सजा भोगून तो सुटला, पण डाग आहेच. उशिरा का होईना, अपील होऊ शकतं. तुमच्या-माझ्या शब्दाला किंमत नाही, पण दोन्ही साक्षी कागदावर आहेत. तुम्हीच लिहिल्यात." अर्ज ते स्वतः लिहिणार. पहारेकऱ्याचा पत्ताही दिला.

जिना उतरताना रडू आलं. पण बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

२१ फेब्रुवारी

सेटवर नवा प्रसंग झाला. माझ्या हातांचं काम संपलं. शालवाल्या बाईंनी मला मिठी मारली.

हे विचारतात, "पहारेकऱ्याकडे मी येऊ सोबत?" म्हटलं, कोपऱ्यावर थांबा. दार मीच वाजवते.

२४ फेब्रुवारी

दार त्यानेच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. मी उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं. दोन साक्षी, माझं गप्प बसणं, सगळं.

तो म्हणाला, "मला माहीत आहे, बाई. दुकानदार म्हणाला, चेहरा पाहिला — आणि तुमचा टाइप करायचा आवाज बंद पडला. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. भरल्या कोर्टात एकीला तरी कळलं होतं, मी चोर नाही. पाच वर्षं मी त्यावर काढली. आत या."

मला ते थांबणं आठवतसुद्धा नाही.